ट्रॅक्टरचा धूर, आवाज आणि चालकाचे आरोग्य

उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांच्या बॉनेटवरची उभी नळी, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो ती, पुष्कळदा मूळची राहिलेली नसते. आवाज कमी करणारा डबा काढून तेथे सरळ पाइप बसविलेला असतो. ट्रॅक्टर ‘ताकद घेतो’ आणि रुबाबदार वाटतो, असे सांगितले जाते. परंतु त्या पाइपामागे दिवसाचे दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाच्या कानांचे आणि छातीचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो.

शेतात वाळलेले गवत व पाचट असते. गरम धूर खाली सोडला तर आग लागण्याची भीती, शिवाय धूळही उडते. म्हणून नळी उभी ठेवतात. मात्र आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना बंद केबिन नसते. नळी पुढे आणि चालक मागे, त्यामुळे ट्रॅक्टर चालू लागला की वर सोडलेला धूर मागे चालकाकडेच येतो. मडगार्डवर कोणी बसले असेल तर त्याच्याकडेही. (मडगार्डवर कोणाला बसवूच नये. तेथून घसरलेला माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातो.)

डिझेलच्या धुरातील काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना यावी. इतके बारीक कण नाकात अडकत नाहीत, ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. डोळे चुरचुरणे, खोकला, डोके दुखणे हे लगेच जाणवते. दमेकऱ्यांचा दमा उसळतो, हृदयविकार असलेल्यांना धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत नोंदविला. तोंडाला रुमाल बांधल्याने धूळ अडते, हे कण अडत नाहीत.

धूर काळा येत असेल तर डिझेल नीट जळत नाही असे समजावे. एअर क्लीनर तुंबलेला असतो, नोझल बिघडलेले असते किंवा ओझे जास्त झालेले असते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. दुरुस्तीने डिझेलही वाचते, हे मालकांना सांगितले तर लवकर पटते! गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणे मात्र सर्वस्वी टाळावे.

आता आवाजाविषयी. रोज आठ तास ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही कानांसाठी मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. केबिन नसलेला ट्रॅक्टर ओझ्याखाली असताना, डबा जागेवर असूनही, चालकाच्या कानाशी आवाज ९० च्या आसपास जातो. डबा काढला तर विचारूच नका. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज घातक आहे, ही साधी खूण.

आतील कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. सुरुवात हळूच होते. संध्याकाळी कानात गुंई आवाज येतो, सकाळी बरे वाटते. पुढे बायकामुलांचे बारीक आवाज नीट कळेनासे होतात. “ऐकू येतं, पण काय बोलले ते समजत नाही,” अशी तक्रार घेऊन पस्तिशी-चाळिशीतले चालक येतात. यातला चालक बहुधा पगारी असतो. रुबाब मालकाचा आणि कान त्याचे, असा हा प्रकार आहे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार शेतीच्या ट्रॅक्टरलाही सायलेन्सर सक्तीचा आहे.

तेव्हा डबा काढला असेल तर परत बसवून घ्यावा, गंजून भोक पडले असेल तर बदलावा. कानात फोमचे प्लग किंवा कानांवर मफ वापरावेत. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग नाही.

तापलेल्या नळीचा चटका बसल्यास वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये.

चालकांनी वर्षातून एकदा कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी करून घ्यावी. चाचणीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरवर बसू नये, नाहीतर थकलेल्या कानांचा तात्पुरता बहिरेपणाही त्यात मोजला जातो.