लाकडाने धरावं, लोखंडाने फिरावं

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली. त्याच पेडणे तालुक्यातल्या कोरगावात एखाद्याला संगणकावर विमान चालवायचा नाद लागला आणि त्याने योक घरीच लाकडात करायला घेतला, तर नवल नाही. योक म्हणजे वैमानिकाच्या हातातलं अर्धं चक्र. फिरवलं की विमान कलतं, ओढलं की नाक वर, ढकललं की खाली. घरगुती योकमध्ये बहुधा लाकडी पेटीला भोक पाडून त्यातूनच गोल दांडा सरकवतात आणि फिरवतात. दुखणं तिथेच आहे. हलणाऱ्या जागी लाकडावर लाकूड घासता कामा नये. ते बदललं नाही तर बाकीच्या सगळ्या सुधारणा वाया जातात.

कोरगावच्या पावसाळ्यात हे लगेच कळतं. हवेतली ओल पिऊन लाकूड फुगतं, पण सगळ्या अंगांनी सारखं नाही: रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. दांडा जाडीत चहूबाजूंनी वाढतो; फळीतलं भोक आडवं वाढलं, तरी रेषांच्या दिशेने होतं तेवढंच राहतं. म्हणून उन्हाळ्यात अलगद फिरणारा दांडा जुलैत एका अंगाला आवळतो. आपल्या सुतारांना हे कधीचं ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा लाकडी, पण आखावर फिरते ती त्यात ठोकलेली लोखंडी नळी, तीही वंगण घालून. योकला हाच न्याय लावावा. पेटी आणि मूठ खुशाल सागवानाची किंवा फणसाची करावी. दांडा मात्र बाहेरून 20 मिलिमीटरचा लोखंडी पाइप घ्यावा आणि तो 6004 नंबरच्या दोन बेअरिंगांत बसवावा. मागे-पुढे सरकण्यासाठी ही सगळी जोडणी ड्रॉवरच्या दोन चॅनेलवर चढवावी. बेअरिंग धरणारी फळी प्लायवूडची बरी, कारण त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते कमी फुगतं.

दांड्याच्या दोन आधारांमधलं, म्हणजे बेअरिंगांमधलं, अंतर हा याहून दुर्लक्षित मुद्दा. आधारात अर्धा मिलिमीटर सैलपणा आहे, आधार पाच सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि मूठ पंचवीस सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. मुठीशी तोच सैलपणा मध्यापासून एकेका बाजूला पावणेतीन मिलिमीटरपर्यंत वाढतो. आधार वीस सेंटिमीटरवर नेले तर तो एक मिलिमीटरच्या आत येतो. यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही, पेटी लांब करावी लागते एवढंच.

यावर कोणी म्हणेल, स्प्रिंग जोरकस लावली की योक आपोआप मध्यावर येईल. अंशतः खरं आहे. पण योक मध्यापासून किती अलीकडे अडकेल, हे घर्षण आणि स्प्रिंगचा जोर यांच्या प्रमाणावर ठरतं. जोर वाढवला तर हात दुखतो. घर्षण कमी केलं तर तेच काम हलक्या स्प्रिंगने होतं. त्या स्प्रिंगाही दोन, समोरासमोर आणि आधीच ताणलेल्या असाव्यात, म्हणजे मध्यावर एकही सैल पडत नाही. मेण चोळून भागतं, हेही खरं, पण थोडे दिवस. सॉफ्टवेअरमध्ये मध्याजवळची हालचाल बाद करता येते, हा उपाय मला सर्वांत घातक वाटतो: विमान धावपट्टीवर उतरवताना हाताच्या ज्या बारीक हालचाली लागतात, त्या नेमक्या तिथल्याच. पारखायचंच असेल तर भर पावसात पारखावं. योक एका बोटाने थोडा डावीकडे न्यावा, सोडावा, मग उजवीकडून तसंच करावं, आणि दोन्ही वेळा पडद्यावर योकच्या जागेचा तोच आकडा येतो का ते पाहावं.