स्वस्त तिकीट शेवटी स्वस्तच पडतं का?



आज बोलायचंय विमानाच्या तिकिटाबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्ही बचत गटातल्या बायका, आमचा विमानाशी काय संबंध? पण आपल्या वसई-विरारमध्ये नजर टाका. आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, निर्मळ, गिरीज, पापडी, कुठल्याही आळीत गेलात तरी कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची लेक मस्कतला, कुणाचा दीर कुवेतला असतोच. काही घरची मुलं कॅनडाला पोचली आहेत. मग कधी लेकीच्या बाळंतपणाला आईला जावं लागतं, तर कधी मुलाच्या पहिल्या नोकरीचं तिकीट घरातूनच काढायचं असतं. त्यासाठी गटातून कर्जही घेतलं जातं. म्हणून हा हिशेब आपल्याला यायलाच हवा.

आधी माझीच फजिती सांगते. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण दुबईला होतं. जावईबापू म्हणाले, "आई, तुम्ही आलात तर बरं होईल." तिकिटाच्या दुकानात दोन भाव मिळाले. एक स्वस्त, दुसरा त्याच्याहून सहा-सात हजारांनी जास्त. मी म्हटलं, तीन-साडेतीन तासांचा तर प्रवास, बसायला जागा मिळाली म्हणजे झालं! स्वस्त तिकीट घेतलं. त्यात सामान किती न्यायचं, हे विचारलंच नाही.

सामान काय, बाळंतिणीचं! डिंकाचे लाडू, अळीव, सुकेळी, सोडे, मसाला, बाळाची दुपटी. सहारच्या विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली, चोवीस किलो भरली. माझ्या तिकिटात होते पंधरा. वरच्या नऊ किलोंचे पैसे किलोच्या भावाने मागितले. रांगेतले लोक बघताहेत, मी तिथेच बॅग उघडून बसले. सुकेळी आणि सोडे काढून दाराबाहेर उभ्या असलेल्या भावाच्या हाती परत दिले आणि तरीही चार किलोंचे पैसे भरले. बाळाच्या वाळ्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथेच गेले. घरी आल्यावर सगळे आकडे वहीत मांडले, तेव्हा कळलं की महागाचं तिकीट मला स्वस्त पडलं असतं.

स्वस्त कंपनीला परवडतं कसं?

पहिली शंका सगळ्यांना हीच येते, की स्वस्त विमान म्हणजे धोक्याचं विमान का? तसं नाही. भारतातल्या प्रत्येक विमान कंपनीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, सुरक्षेचे नियम सारखेच लागू असतात. तिकीट स्वस्त म्हणून तपासणीत सूट मिळत नाही.

पैसा वाचवला जातो तो दुसरीकडे. बहुधा एकाच जातीची विमानं ठेवतात, म्हणजे वैमानिकांचं शिक्षण आणि सुटे भाग यांचा खर्च कमी. एका विमानात खुर्च्या जास्त बसवतात. विमान उतरलं की थोड्या वेळात पुन्हा उडवतात. आणि जेवण, सामान, आवडीची जागा, तारीख बदलण्याची सोय, हे सगळं तिकिटातून काढून वेगळं विकतात. थाळी आणि सुटी भाजी यातला जो फरक, तोच हा. ज्याला नुसती भाजी-पोळी हवी, त्याला सुटं स्वस्त पडतं. ज्याला भात, वरण, पापड सगळंच हवं, त्याने थाळी घ्यावी.

भारतात ही चाल २००३ साली एअर डेक्कनने सुरू केली. त्याच वर्षी शारजाहून एअर अरेबिया सुरू झाली. २००५ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेस आली, ती मुख्यतः आखातात काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठीच. मजुरी करणाऱ्या माणसाला घरी येणं परवडू लागलं, ते या कंपन्यांमुळे. म्हणून त्यांना नावं ठेवायची नाहीत. फक्त घेताना पाच प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: दारापासून दारापर्यंत किती पडणार?

तिकिटाचा भाव हा पुरा खर्च नव्हे. वहीत दोन रकाने आखा आणि घरातून निघाल्यापासूनचा खर्च लिहा. हिशेब समजावा म्हणून मी काही आकडे धरते. आजचे खरे भाव तुम्ही विचारून घ्या.

समजा, विरारची एक आई लेकीकडे चालली आहे. स्वस्त कंपनीचं जाण्या-येण्याचं तिकीट १२,५०० रुपये, पण त्यात फक्त सात किलोंची हातातली बॅग. मोठ्या बॅगेचे जाताना ३,२०० आणि येताना २,४००. दोन वेळचं खाणं ९००. खिडकीची किंवा पुढची जागा दोन्ही वेळची मिळून ८००. विमान पहाटे चारचं, म्हणून रात्री टॅक्सी १,६००. बेरीज झाली २१,४००.

दुसऱ्या कंपनीचं तिकीट १९,८००. त्यात मोठी बॅग आहे, जेवण आहे. विमान दुपारचं, म्हणून लोकल आणि रिक्षा मिळून ४००. बेरीज २०,२००. म्हणजे 'महाग' तिकीट १,२०० रुपयांनी स्वस्त पडलं.

आता त्याच घरचा मुलगा पाठीवर एक पिशवी टाकून चालला आहे. घरची पोळी-भाजी डब्यात, जागा मिळेल ती. त्याला लागतात १२,५०० आणि टॅक्सीचे १,६००, मिळून १४,१००. त्याचे ६,१०० रुपये वाचले! कंपनी तीच, तिकीट तेच, पण त्याच्यासाठी ते खरंच स्वस्त आहे. म्हणून "शेजारणीला परवडलं, मलाही परवडेल" असं धरू नका.

मोठ्या बॅगेचे पैसे तिकीट काढतानाच भरा. विमानतळावर तेच वजन बहुधा जास्त महाग पडतं. आणि बॅग घरीच ताणकाट्यावर तोला.

दुसरा प्रश्न: विमान कुठून, किती वाजता आणि कुठे उतरणार?

स्वस्त विमानं पुष्कळदा अडनिड्या वेळेची असतात. आपली लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते. दिवसाचं विमान असेल तर अंधेरीला उतरून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो तीनने पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन, असा सोपा रस्ता ऑक्टोबर २०२४ पासून झाला आहे. पण रात्री मेट्रोही नसते. एकट्या बाईने रात्री टॅक्सीने जायचं, तर सोबतीला कुणी हवं आणि त्याच्या परतीचा खर्चही धरायला हवा.

दुसरं म्हणजे, आता आपल्या भागात दोन विमानतळ झाले. उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तो पनवेलकडे आहे, वसईहून सहारपेक्षा बराच लांब. तिकिटावर बीओएम ही अक्षरं असतील तर मुंबई आणि एनएमआय असतील तर नवी मुंबई, एवढं ध्यानात ठेवा.

तिकडेही तसंच. शारजाला उतरणारं विमान स्वस्त दिसतं, पण लेक दुबईत राहत असेल तर पुढचा गाडीखर्च जावईबापूंना पडणार. तोही वहीत लिहा.

तिसरा प्रश्न: तिकीट एक की दोन?

दुबई, मस्कतला सरळ विमान जातं. पण कॅनडा किंवा इंग्लंडला जाताना मध्ये विमान बदलायचं तिकीट स्वस्त दिसतं. तेव्हा विचारा की दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का. एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं जोडली असतील, तर दुसरी कंपनी म्हणेल, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट बुडालं. शिवाय मधल्या देशात स्वतः सामान घेऊन पुन्हा जमा करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. पहिल्यांदा एकटीने जाणाऱ्या बाईने दोन तुटक तिकिटांच्या वाटेला जाऊ नये.

चौथा प्रश्न: बेत बदलला तर?

बाळंतपण काही कॅलेंडर बघून येत नाही. तारीख अलीकडे आली, व्हिसाला उशीर झाला, घरात कुणी आजारी पडलं, तर तिकीट बदलावं लागतं. सगळ्यात स्वस्त तिकिटाला बदल करायला दंड जास्त असतो आणि रद्द केलं तर हाती फारसं काही येत नाही. बेत पक्का असेल तर स्वस्त घ्या. बेत डळमळीत असेल तर थोडे जास्त देऊन बदलता येणारं तिकीट घ्या. आणि व्हिसा हातात येण्याआधी न बदलणारं तिकीट घेऊच नका.

पाचवा प्रश्न: विमान उडालंच नाही तर?

हे होतं. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि आखाताची अनेक उड्डाणं रद्द झाली. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. गो फर्स्ट ही स्वस्त कंपनी मे २०२३ मध्ये बंदच पडली. पण जेट एअरवेज तर स्वस्त नव्हती, तीही १७ एप्रिल २०१९ ला थांबली. म्हणजे महाग तिकीट घेतलं की निर्धास्त, असंही नाही.

मग काय बघायचं? त्या कंपनीचं त्या गावाला रोज विमान आहे का. रोज असेल तर आजचं रद्द झालं तरी उद्या जाता येईल. आठवड्यातून दोनदाच असेल तर तीन-चार दिवस लटकावं लागेल. कामावर हजर व्हायची तारीख असेल त्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट कधी काढू नका, दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. नोकरी गेली तर वाचवलेल्या चार हजारांचं काय करणार?

कंपनीने विमान रद्द केलं, तर पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक निवडायचा तुमचा हक्क आहे. एजंटकडून पावती घ्या. पीएनआर मिळाला की कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मुलांकडून तपासून घ्या. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळतं का, तेही पाहा.

सामानाबद्दल दोन सावध शब्द

माझ्या बॅगेतल्या लाडवांची गोष्ट राहिलीच. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी विचारलं, "लाडवात खसखस घातलीय का?" घातली होती. त्यांनी मला ते लाडू बाहेर काढायला लावले. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया अशा देशांत खसखस अमली पदार्थांत धरतात. नेणाऱ्याला अटक होऊ शकते, "मला ठाऊक नव्हतं" हे तिथे चालत नाही. आपल्या बॉटल मसाल्यातही खसखस असते, हे विसरू नका. तिकडे पाठवायचे लाडू आणि मसाला खसखशीशिवाय करा. दुसऱ्या कुणाची बंद पिशवीही "जरा पोचवा" म्हटलं तरी घेऊ नका. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायची.

बॅग हरवली किंवा फुटली तर विमानतळ सोडण्याआधी तिथेच लेखी तक्रार द्या आणि प्रत घ्या. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत कंपनीकडे लेखी मागणी करावी लागते. हा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि तो स्वस्त कंपनीलाही लागू आहे. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. तिकिटासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला आधी ते पान भरायला सांगा. खर्च, वेळ आणि विमानतळ, एक की दोन तिकिटं, बदल, आणि रद्द झालं तर पुढचं विमान कधी. पाचही उत्तरं समाधानाची आली तर स्वस्त तिकीट खुशाल घ्या. माझा भाचा गेल्या वर्षी त्याच स्वस्त कंपनीने पाठीवर पिशवी घेऊन गेला, मजेत पोचला. मी मात्र नातवाच्या वाढदिवसाला गेले ती दुसऱ्या कंपनीने. या वेळी सुकेळी दुबईपर्यंत पोचली, आणि वाळेही.