भयगंड : पळाल्याने वाढतो, थांबल्याने ओसरतो



राजगडाच्या पायथ्याशी, पूर्वीच्या वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पाली नावाचे गाव आहे. गडाचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. या गावचा एक तरुण पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर होता. त्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. लहानपणी गडाच्या उतारावर शेरडांमागे धावलेला हा मुलगा. उंचीची भीती त्याला ठाऊकच नव्हती. एके दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत जोडीदार कामगार परांचीवरून खाली कोसळला. दुसऱ्या दिवसापासून याचे पाय पहिल्या मजल्याच्या वर जाईनात. छाती धडधडे, हातापायांना घाम सुटे, डोळ्यांपुढे अंधारी येई. मुकादमाने दोन-चार दिवस वाट पाहिली आणि त्याला खालच्या बिगारी कामावर टाकले. हजेरी कमी झाली, सोबत्यांनी टिंगल केली. पुढे पुढे तो चाळीच्या गॅलरीतही उभा राहीना.

घरात कुजबुज सुरू झाली, की पडलेल्या माणसाने याला धरले. एका नातेवाइकाने देवऋषी सुचवला. कोंबडे, लिंबू, नारळ अशी यादीही आली. त्याच्या आईने विहारात आम्हाला गाठले आणि विचारले, "दादा, आपण बौद्ध. हे असले करणे बरोबर नाही, कळते मला. पण पोरगं रात्र रात्र झोपत नाही. मी करू तरी काय?"

त्या माउलीला आम्ही दोष दिला नाही. 'अंधश्रद्धा सोडा' एवढे सांगून भागत नाही. एक गोष्ट सोडायला सांगायची तर हातात दुसरी द्यावी लागते. आम्ही डॉक्टर नाही, कचेरीत कारकुनी करणारे कार्यकर्ते आहोत. म्हणून त्याला घेऊन सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. तिथे जे कळले ते समाजबांधवांसमोर ठेवत आहोत.

भीती वेगळी, भयगंड वेगळा

भीती हा रोग नाही. भातखाचरात साप दिसला आणि आपण मागे सरलो, तर ती भीती आपला जीव वाचवते. गावगुंडांच्या अत्याचाराची भीती हाही आजार नाही. तिथे औषध नव्हे, तर कायदा आणि संघटना लागते. पण पुस्तकातले सापाचे चित्र पाहून किंवा कठडा असलेल्या गॅलरीत उभे राहून जीव घाबरा होतो, भीती अवास्तव आहे हे कळूनही ती आवरत नाही, आणि तिच्यामुळे काम, शाळा, येणे-जाणे बंद पडते, तेव्हा त्याला भयगंड म्हणतात. इंग्रजीतला 'फोबिया' तो हाच. कुणाला उंचीचा, कुणाला बंद खोलीचा, कुणाला पाण्याचा, कुणाला चारचौघांत बोलण्याचा भयगंड असतो.

तो येतो कुठून?

अमेरिकेत १९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. मूल पांढऱ्या उंदराला आधी घाबरत नव्हते. उंदीर समोर असताना मुलाच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटायचा, असे त्यांनी पुन्हा पुन्हा केले. मग नुसता उंदीर पाहूनही मूल रडू लागले. पुढे सशालाही भिऊ लागले. तान्ह्या लेकराला असे छळणे आज कुणी मान्य करणार नाही. पण भीती शिकवता येते, हे त्यातून दिसले.

हे शिकणे तीन वाटांनी होते. एक, स्वतःवर प्रसंग ओढवतो. दोन, दुसऱ्यावरचा प्रसंग आपण पाहतो, जसे या तरुणाचे झाले. तीन, आपल्या मनावर बिंबवले जाते. "गप बस, नाहीतर बागुलबुवा येईल" असे आपण लेकरांना सहज म्हणतो, तेही शिकवणेच. कधी कधी मात्र कारण सापडत नाही, आणि ते सापडलेच पाहिजे असेही नाही.

एकदा बसलेली भीती टिकते ती टाळल्यामुळे. जिना चढायचे टाळले की लगेच बरे वाटते, आणि मन समजते की टाळले म्हणून वाचलो. हे सावकाराच्या कर्जासारखे आहे. आज सुटका होते आणि उद्या व्याज चढते.

उपाय काय?

जे शिकले ते विसरताही येते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या विदुषीने सशाला घाबरणाऱ्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात ठेवून रोज थोडा थोडा जवळ आणला. अखेर मूल सशाशी खेळू लागले. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात पायरी-पायरीने भीती घालवण्याची पद्धत मांडली. आजचे उपचार याच वाटेने पुढे आले आहेत.

आणि आपल्या तथागतांनी काय सांगितले? मज्झिम निकायातील चौथे सुत्त 'भयभेरव सुत्त' या नावाचे आहे. बोधीपूर्वीच्या काळात ते रात्री मुद्दाम भयाण वनात जाऊन राहत. एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि भय दाटून येई. तेव्हा चालत असतील तर चालतच, बसले असतील तर बसूनच ते भय निवेपर्यंत तसेच राहत. जागा बदलून त्यांनी सुटका करून घेतली नाही. भूत-पिशाच उतरवण्याची भाषा त्यात नाही. आपल्याच मनाकडे पाहण्याची आहे.

पाली दरवाजाची वाट

डॉक्टरांनी त्या तरुणाला भीतीची शिडी लिहायला लावली, खाली सर्वांत सोपे आणि वर सर्वांत अवघड. पहिल्या पायरीला उंच इमारतीचे चित्र. मग चाळीची गॅलरी. मग दर रविवारी पालीला जाऊन गडाची वाट, कारण पाली दरवाजाकडे चढायला खोदलेल्या पायऱ्या आहेत. पहिल्या रविवारी बहिणीबरोबर तो वीस पायऱ्या चढला आणि तिथेच बसला. भीती शिगेला असताना उतरायचे नाही, ती ओसरली की मग उतरायचे, हा नियम. तीच पायरी कंटाळा येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. कुणी ढकलायचे नाही, ओढायचे नाही, हसायचे नाही. धीर यावा म्हणून दारू घ्यायची नाही. पाचवे शील इथे जीवही वाचवते. चौथ्या महिन्यात तो पद्मावती माचीवर पोहोचला. आज तो कामावर चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. तळहाताला अजून घाम येतो, पण पाय थांबत नाहीत. सुरक्षा पट्टा मात्र तो मागून घेतो. पट्टा बांधणे हा भयगंड नव्हे, शहाणपण आहे.

घरच्यांसाठी दोन शब्द

ज्याला त्रास आहे त्याला भित्रा म्हणू नका. गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. त्या लागतात की नाही हे डॉक्टर ठरवतील. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मानसिक आजारावर सरकारी उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्या माउलीने कोंबड्याचे पैसे मुलाच्या पाली-पुणे एस.टी. भाड्याला खर्च केले. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म जगायचा तो असा, रोजच्या खर्चातसुद्धा.

जय भीम!