भंडारदऱ्याची जमा व नावे

व्यापारी मनुष्य दिवाळीस वही पुजतो, ती केवळ जमेची बाजू वाचून नव्हे. नावेची बाजू तितक्याच बारकाईने तपासल्यावाचून त्यास आपली खरी स्थिती कळत नाही. रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या प्रवरेस अडविणाऱ्या भंडारदरा धरणास 2026 साली शंभर वर्षे पुरी होतात. या निमित्ताने तीच शिस्त सृष्टीच्या हिशेबासही लावावी, असे आम्हास वाटते.

जमेची बाजू प्रथम. 1876-77 व 1899-1900 च्या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळून निघाला होता. 1910 साली धरणाचे काम सुरू झाले आणि 10 डिसेंबर 1926 रोजी गव्हर्नर विल्सन यांचे हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे 270 फूट उंचीच्या भिंतीमागे अकरा अब्ज घनफूट पाणी साठू लागले व ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी खालचा कोरडा मुलूख हिरवा केला. त्याच मुलुखात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धरण परक्या सरकारने बांधिले म्हणून त्याची निंदा करणे शहाणपणाचे नव्हे. त्यातील प्रत्येक दगड आमच्याच मजुरांनी वाहिला आहे.

आता नावेची बाजू. नीरेचा कालवा 1885 साली सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत तेथील काळी जमीन खारावू लागली. डॉ. हॅरल्ड मॅन व तांहणे यांनी त्या खाऱ्या जमिनींविषयीची आपली पुस्तिका 1910 साली प्रसिद्ध केली. म्हणजे भंडारदऱ्याचा पाया खणला जात असता धोक्याची घंटा पुण्याजवळच वाजत होती! ती ऐकूनही प्रवरेच्या कालव्यांवर उसास बेसुमार पाणी पाजले गेले, निचऱ्याचे चर दुर्लक्षिले गेले आणि कित्येक शेते चोपण झाली. कारण साधे आहे. अतिरिक्त पाण्याने भूगर्भातील पाण्याची पातळी चढते, ते वर येऊन उन्हाने उडून जाते आणि त्यातील क्षार मातीत राहतो. प्राचीन इराकातील सुमेर देशाने याच चुकीपायी गहू सोडून जवाची कास धरिली.

दुसरी रक्कम याहून जिव्हारी लागणारी आहे. जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस घाटघरास पडतो. परंतु तो ज्यांच्या डोंगरावर पडतो, त्या महादेव कोळी व ठाकर बांधवांच्या वाड्यांस उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. जलाशय डोळ्यांसमोर आणि घागर रिकामी, यास न्याय कोण म्हणेल? ज्यांच्या भूमीवर पाणी साठविले, त्यांचा त्यावर पहिला हक्क नसावा काय?

तिसरी रक्कम आमच्या शहरवासीयांच्याच नावे पडते. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे त्या जिवांचा परस्परांस घातलेला विवाहाचा संकेत होय. तो पाहण्यास आम्ही मोटारींचे झगझगीत दिवे लावून जातो आणि ज्या गवतात त्यांची मादी बसते तेच पायांखाली तुडवितो. 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. परंतु केवळ जाहिरातीने वन राखले जात नाही.

सबब आमची मागणी स्पष्ट आहे. कालव्याचे पाणी मोजून द्यावे, चर आधी व ऊस मागून हा क्रम पाळावा, घाटमाथ्यावरील प्रत्येक वाडीच्या पिण्याच्या पाण्याची तरतूद प्रथम करावी आणि काजव्यांच्या दिवसांत मोटारी दूर थांबवाव्या. शताब्दीचे समारंभ होतील, हारतुरे वाटले जातील. परंतु नावेची बाजू चुकती केल्यावाचून वही बंद करणाऱ्या सावकाराचे दिवाळे एक ना एक दिवस निघतेच. आणि या व्यवहारात दिवाळे निघेल ते आमच्या नातवंडांचे, हे वाचकांनी विसरू नये.