चोपन्न हजार माणसे, दहा संघ

१९४४ साली फेरो बेटांवर फुटबॉलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा झाली नाही. खेळाडू होते, मैदाने होती, हौस तर होतीच. चेंडू मात्र मिळेनात! महायुद्ध चालू होते, १९४० पासून बेटांवर ब्रिटिश फौजेचा तळ होता, आणि जहाजांतून येणाऱ्या मोजक्या मालात फुटबॉलला जागा कोण देणार? १९४२ मध्ये क्लाक्स्विक गावाच्या 'के. आय.' संघाने पहिले अजिंक्यपद मिळवून उणीपुरी दोन वर्षे झाली होती. युद्ध संपताच स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि आजतागायत चालू आहे.

ही फेरो बेटे नकाशावर शोधावी लागतात. स्कॉटलंड आणि आइसलँड यांच्या मध्ये, उत्तर अटलांटिक महासागरात अठरा खडकाळ बेटे आहेत. डेन्मार्कच्या राजसत्तेखाली पण कारभाराला स्वायत्त असा हा देश. लोकसंख्या सुमारे ५४,०००. म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. त्यातून स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे वजा केली, तर खेळण्याच्या वयाचे पुरुष काही हजारच उरतात. एवढ्या माणसांत पहिल्या दर्जाचे दहा संघ उभे करायचे कसे, हा खरा प्रश्न. स्पर्धेची सारी रचना या एका प्रश्नाभोवती फिरते.

दहा संघ एकमेकांशी दोनदा, म्हणजे एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर, खेळले तर प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सामने येतात. हंगामाला ते अपुरे. संघ वाढवावेत तर माणसे नाहीत. म्हणून प्रत्येक संघ दुसऱ्याशी तीनदा खेळतो आणि सामने होतात सत्तावीस. सत्तावीस हा विषम आकडा असल्यामुळे कोणाला चौदा सामने घरी मिळतात, कोणाला तेरा. थोडा अन्यायच हा, पण तो सर्वांनी पत्करलेला आहे. हंगाम मार्चमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपतो, कारण हिवाळ्यात तिथे वादळे असतात आणि दिवस जेमतेम पाच तासांचा. स्पर्धेचे नाव तेवढे पुरस्कर्त्याबरोबर बदलत आले आहे: कधी मोबाइल कंपनीचे, कधी पेट्रोल पंपवाल्यांचे, कधी बँकेचे.

साधारणपणे तळाचे दोन संघ दुसऱ्या श्रेणीत उतरतात आणि तिथले दोन वर येतात. इथे एक गंमत आहे. दुसरी श्रेणी भरायला स्वतंत्र क्लब पुरेसे नाहीत, म्हणून मोठ्या क्लबांचे राखीव संघच तिथे खेळतात. राजधानी तोर्शाव्हनच्या 'एच. बी.' क्लबचा पहिला संघ वर, दुसरा खाली. पण एकाच क्लबचे दोन संघ वरच्या श्रेणीत चालत नाहीत. म्हणून राखीव संघाने दुसऱ्या श्रेणीत अगदी पहिला क्रमांक काढला तरी त्याला बढती नाही. ती मिळते त्याच्यामागच्या स्वतंत्र क्लबाला. परीक्षेत पहिला आलेल्याला बाजूला ठेवून तिसऱ्याला वरच्या वर्गात घालावे तसा हा प्रकार! पण त्यावाचून दुसरी श्रेणी उभीच राहणार नाही.

प्रवासाचा भाग तर निराळाच. क्लाक्स्विकहून तोर्शाव्हनला जायला पूर्वी मधला समुद्र बोटीने ओलांडावा लागे. आता समुद्रतळाखालून बोगदे आहेत. एक २००६ चा, दुसरा २०२० चा, आणि या दुसऱ्याच्या पोटात तर वाहनांसाठी चक्राकार चौकही आहे. दक्षिणेचे सुदुरोय बेट मात्र अजून बोटीवरच अवलंबून आहे. तिथल्या त्वोरोयरी गावाचा 'टी. बी.' हा देशातला सर्वांत जुना क्लब, १८९२ चा. त्याच्या मैदानावर खेळायचे तर पाहुण्या संघाला दोन तास बोटीत काढावे लागतात, आणि समुद्र खवळला तर वेळापत्रक त्याच्या मर्जीवर.

पण सर्वांत अवघड गोष्ट प्रवासाची नाही, गावाच्या अभिमानाची आहे. प्रत्येक खेड्याला आपला संघ हवा असतो. पूर्वी ते जमतही असे. आठ-नऊशे वस्तीच्या तोफ्तिर गावाच्या संघाने १९८४, १९८५ आणि १९९२ असे तीनदा अजिंक्यपद नेले. पुढे एकट्या गावाला संघ पोसणे जड जाऊ लागले आणि सोयरिकी सुरू झाल्या. १९९३ मध्ये एइदी आणि स्त्रेयमुर हे दोन क्लब एक झाले. एक एका बेटावरचा, दुसरा दुसऱ्या. मधल्या चिंचोळ्या खाडीवर १९७३ पासून पूल आहे. नव्या संघाने २००८ आणि २०१२ साली अजिंक्यपद जिंकले. एइदीच्या जुन्या मैदानावर आता प्रवासी तंबू ठोकतात. २००८ मध्ये गोता गावाचा, सहा वेळा अजिंक्य ठरलेला क्लब शेजारच्या लेरविकशी मिळून 'व्हिकिंगुर' झाला. सुदुरोयवरही असा प्रयोग झाला, पण तो संसार फार टिकला नाही; 'टी. बी.' पुन्हा आपल्या नावाने उभा राहिला. सहा अजिंक्यपदांचे नाव सोडून देताना गोताच्या म्हाताऱ्या मंडळींना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण नाव राखावे तर अकरा माणसे जमत नाहीत.

खेळाडूंपैकी पुष्कळजण नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करतात. १२ सप्टेंबर १९९० रोजी फेरोच्या राष्ट्रीय संघाने आपल्या पहिल्याच अधिकृत स्पर्धात्मक सामन्यात ऑस्ट्रियाला १-० असे हरवले, तेही स्वीडनमधल्या लान्दस्क्रोना गावी, कारण मायदेशी हिरवळीचे एकही मैदान नव्हते. गोंड्याची लोकरी टोपी घालून खेळणारा गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुदसेन मासळीच्या कारखान्यात काम करी.

आता मात्र युरोपचा पैसा या खेड्यांत पोहोचला आहे. अजिंक्य संघाला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळतो. २०२३ मध्ये के. आय.ने हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोसला त्याच्याच घरी, बुडापेस्टमध्ये, ३-० असे हरवले, मग स्वीडनच्या हेकेनला पेनल्टींवर, आणि अखेर कॉन्फरन्स लीगच्या गटात स्थान मिळवले. फेरोच्या कोणत्याही क्लबाला पूर्वी हे साधले नव्हते. आनंद खराच, पण अशा एका मोहिमेत हाती येणारी रक्कम तिथल्या इतर क्लबांच्या स्वप्नातही नसते. २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ ही अजिंक्यपदे के. आय.कडेच गेली होती. मध्ये २०२० साली एच. बी.ने, आणि पुढे २०२४ साली व्हिकिंगुरने खंड पाडला, म्हणून बरे. नाहीतर तेच ते नऊ प्रतिस्पर्धी, वर्षातून तीन-तीनदा, आणि निकाल आधीच ठाऊक, अशी स्पर्धा बघायला कोण येणार?

त्या गट-सामन्यांसाठी के. आय.चे गावातले मैदान युरोपच्या नियमांत बसले नाही. त्यामुळे 'घरचे' सामने राजधानीत, तोर्शाव्हनला खेळावे लागले. एच. बी. आणि 'बी ३६' या जुन्या वैऱ्यांच्या गावी! समुद्राखालचे दोन्ही बोगदे ओलांडून क्लाक्स्विकची माणसे तिथे जात. तिथेच फ्रान्सच्या लीलशी त्यांची ०-० अशी बरोबरी झाली आणि स्लोव्हेनियाच्या ओलिम्पियाचा ३-० असा पराभव झाला.