वाट शोधणारा मेंदू : स्त्रीचा आणि पुरुषाचा

"बायकांना रस्ते लक्षात राहत नाहीत" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. गाडी शिकायला निघालेल्या मुलीला तर ते हमखास ऐकवलं जातं. हल्ली त्याला पुरवणी जोडतात : "मेंदूच्या स्कॅनमध्येच दिसतं ना ते!" तर स्कॅनमध्ये नेमकं काय दिसतं, ते आज आपण पाहू.

२००० साली जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात ग्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ पुरुष आणि १२ स्त्रियांना संगणकावरच्या एका चक्रव्यूहातून वाट काढायला सांगितलं. त्याच वेळी एफएमआरआय यंत्राने त्यांच्या मेंदूचं निरीक्षण चालू होतं. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तिकडे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त जातं. यंत्र टिपतं ते हेच. म्हणजे काम कुठे चाललंय, एवढं आपल्याला कळतं. आता निकाल बघा. मेंदूतले बरेचसे भाग दोन्ही गटांत सारखेच कामाला लागले होते. जागेच्या स्मृतीसाठी महत्त्वाचा असलेला उजवा हिप्पोकॅम्पसही त्यांत होता. फरक पुढे आहे : पुरुषांमध्ये डावा हिप्पोकॅम्पसही कामाला लागला, तर स्त्रियांमध्ये उजव्या बाजूचे पार्श्विक आणि कपाळामागचे भाग.

याचा अर्थ कसा लावायचा? संशोधकांचा अंदाज असा, की स्त्रिया खुणा मनात धरून चालत होत्या आणि पुरुष त्याबरोबर जागेच्या भूमितीचाही आधार घेत होते. आपल्या भाषेत सांगायचं तर, "देवळापाशी डावीकडे वळा, मग पिठाची गिरणी लागेल" ही एक रीत, आणि "सरळ उत्तरेला अर्धा किलोमीटर" ही दुसरी. त्या चक्रव्यूहात पुरुष सरासरीने लवकर बाहेर पडले, हे खरं. पण कुठली वस्तू कुठे ठेवली होती, हे आठवण्याच्या सिल्व्हरमन आणि ईल्स यांच्या चाचण्यांत (१९९२) स्त्रिया पुढे होत्या. आणि हे सगळे सरासरीचे हिशेब आहेत, बरं का. त्यावरून समोरच्या एका मुलीबद्दल काहीच ठरवता येत नाही.

मग हा फरक जन्मजात की शिकलेला? स्कॅन याचं उत्तर देत नाही, कारण त्यात मोठ्या झालेल्या, जगात वावरलेल्या माणसाचा मेंदू दिसतो. उत्तरासाठी ईशान्य भारतात जाऊ. खासी समाजात मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. शेजारच्या कार्बी समाजात मुलाकडे. हॉफमन, नीझी आणि लिस्ट यांनी दोन्हीकडच्या मिळून सुमारे १३०० लोकांना तुकडे जुळवायचं एक कोडं सोडवायला दिलं. ही स्मृतीची नव्हे, तर आकार आणि जागा ओळखण्याची परीक्षा होती. कार्बींमध्ये पुरुषांनी कोडं लवकर सोडवलं. खासींमध्ये स्त्री-पुरुषांत तसा फरक आढळला नाही. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, २००७ मध्ये, टोरांटोच्या संशोधकांना दिसलं होतं, की फक्त १० तास व्हिडिओ गेम खेळल्यावर मनात आकृती फिरवून पाहण्यातली स्त्री-पुरुषांमधली दरी कमी झाली.

म्हणजे स्कॅनमधला फरक खरा आहे. त्यावरून काढलेला "हिला जमणारच नाही" हा निष्कर्ष मात्र खरा नाही. पुढच्या वेळी घरात कुणी मुलीच्या हातून गाडीची किल्ली काढून घेत असेल, तर एवढंच विचारू : हिला सरावाचे १० तास तरी मिळाले होते का?