समुद्र किती वेगाने चढणार? शास्त्रज्ञांचा वाद आणि आपला हिशेब

वाचकहो, पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचावर आहे. तेव्हा समुद्र चढला काय नि उतरला काय, आपले काय जाते, असे रात्रपाळी करून आलेला एखादा कामगार बांधव म्हणेल. परंतु चाकणच्या कारखान्यांचा माल परदेशी जातो तो न्हावाशेवा बंदरातून. आपल्यापैकी कित्येकांचे काका, मावशी, लेकी-जावई मुंबईच्या खाडीकाठच्या वस्त्यांतून राहतात. आणि ६ डिसेंबरला आपण लेकराबाळांसह जिथे जातो, ती दादरची चैत्यभूमी तर चौपाटीला लागूनच आहे. म्हणून हा विषय आपल्याही घरातला आहे.

गोंधळ आहे तो आकड्यांचा. २०१९ साली क्लायमेट सेंट्रल या अमेरिकेतील संस्थेच्या अभ्यासानंतर २०५० पर्यंत मुंबईचा मोठा भाग पाण्याखाली दाखवणारे नकाशे वर्तमानपत्रांत झळकले. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई महापालिकेचे तत्कालीन आयुक्त इक्बालसिंह चहल यांनीच सांगितले की, २०५० पर्यंत नरिमन पॉइंट आणि मंत्रालय परिसराचा ८० टक्के भाग पाण्याखाली जाईल. उलट गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी भरती-ओहोटीच्या जुन्या नोंदी तपासून २००७ साली दाखवले होते की, आपल्या किनाऱ्यांवर पाणी वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर चढत आले आहे. म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम १३ सेंटिमीटर! मग खरे कोणाचे?

आधी एकमत कुठे आहे ते पाहू. घरातल्या मुलांना एक प्रयोग करून दाखवा. ग्लासात बर्फाचे खडे टाका आणि ग्लास काठोकाठ पाण्याने भरा. बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही. कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. पण बाहेरचा खडा आत टाकला की पाणी सांडते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर साठलेला बर्फ हा असा बाहेरचा खडा आहे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सुमारे ७ मीटर चढतील, अंटार्क्टिकाचा वितळला तर ५० मीटरांहून अधिक. शिवाय तापलेले पाणी फुगते, ते वेगळेच. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातले समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढले. १९७१ पर्यंत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ झाला. यावर भांडण नाही. जुना सरासरी वेग धरून पुढच्या शंभर वर्षांचा हिशेब का करता येत नाही, तेही यावरून कळते.

भांडण आहे ते बर्फ किती लवकर कोसळेल यावर. २००७ च्या अहवालाने शतकाअखेर १८ ते ५९ सेंटिमीटर वाढ सांगितली, पण बर्फाची घसरण एकाएकी वाढली तर काय, हे त्यात धरले नव्हते. त्याच वर्षी जेम्स हॅन्सन यांनी लिहिले की, शास्त्रज्ञ फार जपून बोलत आहेत, वाढ कित्येक मीटर होऊ शकते. २००८ साली फेफर आणि सहकाऱ्यांनी बर्फाच्या वेगाचा हिशेब मांडून उत्तर दिले की, शतकात दोन मीटरांहून अधिक वाढ संभवत नाही. २०१६ साली डीकॉन्टो आणि पोलार्ड यांनी नवा मुद्दा काढला. पायासाठी खोदताना मातीची उभी कड फार उंच ठेवली तर ती स्वतःच्याच भाराने ढासळते, हे बांधकामावरील कामगारांना ठाऊक आहे. समुद्रातल्या बर्फाच्या उंच कड्यांचेही तसेच होईल आणि एकट्या अंटार्क्टिकामुळे २१०० पर्यंत मीटरभर पाणी चढेल, असे त्यांचे म्हणणे. २०१९ साली इतर शास्त्रज्ञांनी तेच गणित तपासून आकडा कमी केला. वाद अजून मिटलेला नाही. २०२१ च्या अहवालाने धूर झपाट्याने कमी केल्यास २८ ते ५५ सेंटिमीटर, बेसुमार वाढल्यास ६३ ते १०१ सेंटिमीटर सांगितले, आणि दोन मीटरांच्या जवळपासची वाढही अगदीच नाकारता येत नाही अशी पुस्ती जोडली.

म्हणजे निम्मा फरक शास्त्रज्ञांच्या भांडणाचा नाही. जग किती धूर सोडणार, त्याचा आहे.

मग २०१९ चे नकाशे? तिथला वाद पाण्याचा नव्हता, जमिनीच्या उंचीचा होता. जुन्या उपग्रह मोजणीत इमारतींची छपरे आणि झाडांचे शेंडेही जमीन म्हणून धरले गेले होते. ते वजा करताच जमीन सखल निघाली. शिवाय ‘पाण्याखाली’ याचा अर्थ कायमची बुडालेली नव्हे. वर्षातून एखाद्या मोठ्या भरतीला पाणी पोहोचेल, इतकी सखल.

काही लोक म्हणतात, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, तर आपण कशाला घाबरायचे? त्यांनी हिमालयाचे उदाहरण आठवावे. २००७ च्या अहवालात हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे छापले गेले. भूगर्भशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांच्या २००९ च्या निबंधाने याविरुद्ध सूर लावला आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला खेद व्यक्त करावा लागला. साल चुकीचे ठरले, पण म्हणून हिमनद्या वितळायच्या थांबल्या नाहीत.

थोडक्या सेंटिमीटरने काय होते, असेही कोणी म्हणू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच समुद्राला भरती होती, म्हणून नाल्यांचे पाणी बाहेर पडेना. समुद्र जितका वर, तितका नाल्याचा उतार कमी. आणि तुंबलेले पाणी आधी शिरते ते तळमजल्यावर आणि झोपडीत.

पवना धरणातून पाणी सोडल्याची सूचना येते तेव्हा आपल्या नदीकाठच्या वस्त्यांतली माणसे पाणी नऊला येईल की अकराला, यावर वाद घालत बसत नाहीत. ट्रंक, रेशनकार्ड आणि पोरांची दप्तरे आधी उंचावर ठेवतात. हेच शहाणपण समुद्राबाबत हवे. मुंबई, उरण, पनवेलकडे खोली किंवा प्लॉट घेणाऱ्या बांधवांनी भाव विचारण्याआधी विचारावे की, २००५ साली इथे पाणी कुठवर आले होते? नाला कुठे निघतो? भरतीला तो उलटा वाहतो का? तिथल्या नातेवाइकांनी संघटितपणे नगरसेवकाकडे नालेसफाई, पंपिंग स्टेशन आणि खारफुटीच्या रक्षणाची मागणी लेखी करावी, पोच घ्यावी.

तारखेवर वाद चालू राहील, तो चालावा. तारीख ठरेपर्यंत हातावर हात ठेवून बसणे मात्र ज्यांची घरे उंचावर आहेत त्यांनाच परवडते.